अच्युतरावांचे दोनशे चौदा वीर

हॉलमधलं काचेचं कपाट जागचं हलू द्यायचं नाही, असा निर्णय अच्युतरावांनी मंगळवारी सकाळी दात घासता घासता जाहीर केला. तोंडात फेस असल्यामुळे तो घरात कुणालाच कळला नाही. चूळ भरून, टॉवेल खांद्यावर टाकून त्यांनी तो पुन्हा एकदा नीट सांगितला असता, तर पुढचा सगळा घोळ टळला असता. पण एकदा काढलेला आदेश पुन्हा काढायचा नाही, ही त्यांची कचेरीतली सवय. ती त्यांना कचेरीतही कधी फळली नव्हती.

अच्युतराव वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीत अभिलेख कक्षात वरिष्ठ लिपिक. जुने कागद जपणं हेच बावीस वर्षांचं काम. नालवाडीतल्या घरात ते जपायचे डीव्हीडी. दोनशे चौदा. त्यातल्या निम्म्याहून अधिक आकाशात उडणाऱ्या, भिंती फोडणाऱ्या, घट्ट कपड्यांतल्या वीरांच्या, हिंदीत डब केलेल्या. उरलेल्या जुन्या कार्टूनच्या. आजही कुठे नवीन आवृत्ती निघाली की अच्युतराव ती मागवत, प्लॅस्टिक न फाडता ब्लेडने अलगद कापत, आणि कपाटात मुळाक्षरांच्या क्रमाने लावत. (घरातल्या डाळींच्या डब्यांना असा क्रम लावायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला होता. त्या दिवशी वरणात साबुदाणा पडला.)

"फ्रीज सोमवारी येऊन राह्यला," त्याच मंगळवारी संध्याकाळी इंदिराबाई म्हणाल्या. "डबल डोअरचा हाय. सैपाकघरात मावत नाई. हे कपाट काढलं का तिथं बरोबर बसते."

"कपाट हलणार नाही," अच्युतराव म्हणाले. एरवी ते घरात चारचौघांसारखे वऱ्हाडी बोलत. भांडण निघालं की मात्र एकदम शुद्ध बोलू लागत, नियमावलीच वाचून दाखवावी तसे.

"काऊन?"

"त्यात माझे वीर आहेत."

"बाबा, हे सगळं मोबाईलवर असते न आता," सोफ्यावर आडवी झालेली वल्लरी म्हणाली. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मान वर न करता बोलण्यात पटाईत होती. "कोण घेऊन राह्यलं सीडी?"

"डीव्हीडी! आणि असते म्हणजे काय? आज असते, उद्या नसते! तू पाच वर्षांची होतीस तेव्हा 'गुल्लू कासव' पाहिल्याशिवाय जेवत नव्हतीस. मागच्या महिन्यात शोधलंस ना मोबाईलवर? सापडलं?"

वल्लरीने मान वर केली. नव्हतं सापडलं. कुठल्या तरी कंपनीने ते काढून टाकलं होतं.

"बघ! दुसऱ्याच्या मर्जीवर तुझं कासव! आणि माझं कासव इथे, तिसऱ्या खणात, केव्हाही हात घाला. नेट नको, रिचार्ज नको, कुणाची परवानगी नको. जे माझ्या हातात आहे ते माझं आहे. हे कपाट या घरातली शेवटची स्वतंत्र जागा आहे!"

खरं सांगायचं तर हे भाषण चांगलं झालं होतं, आणि त्यात तथ्यही होतं. पण टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. इंदिराबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी एक जुडी संपवली, दुसरी घेतली, आणि मग बोलल्या.

"बरं. रविवारी पाच माणसं बसवा घरात. तुमची एक तरी सीडी त्यायनं पयल्यापासून शेवटपर्यंत पाहाची. मोबाईलले हात न लावता. पाह्यली, त कपाट जागचं हलत नाई, फ्रीजचं मी पाहीन. नाई पाह्यली, त सोमवारी कपाट आंगनात अन् सीड्या भंगारवाल्याच्या गाडीवर. हाय कबूल?"

"कबूल," अच्युतराव म्हणाले खरे. गेल्या सहा वर्षांत त्यांच्यासोबत एक अख्खी डीव्हीडी पाहणारं माणूस म्हणजे फक्त ते स्वतः. तेही मध्ये पेंगत.

पण माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बुधवारी रात्रीची भाजी तोंडात असतानाच त्यांनी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टिपणी टाकली. विषय: रविवार रोजी पाहावयाच्या डीव्हीडीबाबत शिफारस. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, 'उल्कापुरुष', भाग पहिला, विस्तारित आवृत्ती, कापलेल्या सतरा दृश्यांसह, ही अत्यंत शिफारसपात्र असून तिच्या कव्हरवरील उठावाची अक्षरे बोट फिरवून पाहण्यासारखी आहेत. भाग दुसरा टाळावा. 'वज्रकन्या' चांगली, परंतु आवाज डाव्या स्पीकरमधूनच येतो. 'गुल्लू कासव', संपूर्ण संच, सर्व वयोगटांसाठी, विशेषतः ज्यांना आपण मोठे झालो असे वाटते त्यांच्यासाठी. उपस्थितीस्तव सविनय सादर.

यावर दोन अंगठे आले. एक जण विचारता झाला, नळाला पाणी किती वाजता येणार. शेजारचे बापूजी, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, यांनी टिपणीतल्या विरामचिन्हांचं कौतुक केलं आणि येतो म्हणाले. समोरच्या शकुबाई येणारच होत्या, कारण आपल्याशिवाय कुणाच्या घरात काही घडावं हे त्यांना आवडत नसे. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू चंदन आणि काजल, नवं लग्न झालेलं जोडपं, घरमालकाला नाही म्हणता येत नाही म्हणून हो म्हणाले. ही चार झाली. पाचवी वल्लरी. घरातलं माणूस धरलं तर चालेल, असं इंदिराबाईंनी मोठ्या मनाने कळवलं.

एवढ्यावर स्वस्थ बसले असते तर ते अच्युतराव कसले? गुरुवारी त्यांच्या डोक्यात शंका शिरली. इंदिरा रविवारपर्यंत थांबेल कशावरून? भंगारवाला रोज सकाळी ओरडत जातो. आपण कचेरीत. कपाट रिकामं करायला किती वेळ लागतो?

वीर आधीच बाजूला ठेवायला हवेत. आणि बाजूला ठेवायचं म्हटलं की अच्युतरावांना एकच पद्धत ठाऊक होती. कचेरीत कागदांचे चार वर्ग करतात. 'अ' म्हणजे कायम जपायचे. 'ब' आणि 'क' म्हणजे काही ठरावीक वर्षं ठेवायचे. आणि 'ड' म्हणजे एक वर्षाने नष्ट करायचे. प्रत्येक वर्गाचा गठ्ठा लाल फडक्यात बांधायचा आणि वर चिठ्ठी लावायची. हे वर्गीकरण अच्युतरावांनी लग्नापासून बायकोला इतक्या वेळा समजावलं होतं की घरात पाहुण्यांसमोरही तो विषय निघे.

इंदिराबाई शकुबाईंकडे गेल्या आहेत असं पाहून त्यांनी दोनशे चौदा डीव्हीडी कव्हरांतून काढल्या आणि रिकामी कव्हरं होती तशी कपाटात लावून ठेवली, म्हणजे बाहेरून संशय नको. डीव्हीडींचा झाला एक गठ्ठा. मग टेबलाच्या ड्रॉवरमधल्या बिनकामाच्या चकत्या निघाल्या: प्रिंटरसोबत आलेली, इंग्रजी बोलायला शिकवणारी, पोट कमी करणारी, कुणाकुणाच्या बारशा-मुंजीच्या, ज्या लोक देतात आणि आपण कधी पाहत नाही. त्यांचा झाला दुसरा गठ्ठा. दोन्ही लाल फडक्यात बांधले. चिठ्ठ्या लिहिल्या. वीरांवर 'अ', बिनकामाच्यांवर 'ड'.

इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे होतं. आणि मग त्यांना ती अक्कल सुचली. इंदिरेला वर्गीकरण तोंडपाठ आहे. ती आधी काय शोधेल? 'अ'! आपला जीव कशात आहे हे आपणच तिला चिठ्ठी लावून सांगतो आहोत. अच्युतराव स्वतःच्या हुशारीवर गालातल्या गालात हसले आणि त्यांनी चिठ्ठ्या अदलाबदल केल्या. वीरांवर 'ड'. बिनकामाच्यांवर 'अ'. दोन्ही गठ्ठे माळ्यावर गेले आणि अच्युतराव त्या रात्री गाढ झोपले.

रविवारी सकाळी दहाला हॉल भरला. बापूजी खुर्चीवर, शकुबाई सोफ्याच्या मधोमध, चंदन-काजल चटईवर दाराजवळ (पळायला सोपं), वल्लरी भिंतीला टेकून. इंदिराबाईंनी कढईत चिवडा परतायला घेतला होता. सगळ्यांचे मोबाईल एका परातीत ठेवून परात फ्रीजवर चढली, म्हणजे जुन्या फ्रीजवर. अच्युतराव इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर चढले आणि माळ्यात हात घातला.

एकच गठ्ठा होता. वर चिठ्ठी, 'अ'.

त्यांनी आणखी आत हात घातला. एक जुनी कुकरची रिंग लागली. मग ते स्टुलावरून उतरले आणि सैपाकघरात गेले.

"इंदिरा, माळ्यावर दोन गठ्ठे होते."

"हो त. 'ड' मी डोमाजीमामाले देऊन टाकला."

डोमाजी म्हणजे इंदिराबाईंचे मामा. केळझरच्या अलीकडे त्यांचं शेत.

"शुक्रवारी आलते ते," इंदिराबाई चिवड्यात दाणे टाकत म्हणाल्या. "हुरड्यावर आली ज्वारी, राघूचे थवेच्या थवे उतरून राह्यले म्हने. जुन्या सीड्या हाय का, तारेले बांधतो, चमकल्या का पाखरं भेतात. मी माळ्यावर पाह्यलं. तुमीच त चिठ्ठी लावली होती. 'ड' म्हंजे नष्ट कराचं, 'अ' म्हंजे जपाचं. बावीस वर्षं ऐकून राह्यली मी, एवढं बी नाई समजत का मले?"

अच्युतरावांचं तोंड उघडलं. दोनशे चौदा वीर तारेवर! उल्कापुरुष, विस्तारित आवृत्ती, राघूंसमोर! ते ओरडणार, एवढ्यात इंदिराबाईंनी गॅस बारीक केला आणि जरा वेगळ्याच आवाजात बोलल्या.

"अन् 'अ' मी सोडून पाह्यला. त्यात आपल्या लग्नाची सीडी निंगाली. मले वाटे, तुमी कवाच हरवली. तुमी त 'अ' मध्ये ठेवली होती." एवढं बोलून त्यांनी पदर उगाच सारखा केला. "उरलेलं त्यात काय कचरा भरला ते मले नाई समजलं. पन लग्नाची ठेवली."

आता काय बोलणार? खरं बोलायचं तर सांगावं लागणार, की बाई, ती चिठ्ठी खोटी आहे. वीर 'अ' होते. आपलं लग्न 'ड' मध्ये होतं, पोट कमी करायच्या चकतीच्या खाली. अच्युतरावांनी उघडलेलं तोंड मिटलं. मग कढईतला एक दाणा उचलून त्यात टाकला आणि चावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बायको इतकी सुंदर दिसली आणि इतकी भीती वाटली, दोन्ही एकदमच.

"अच्युतराव, सुरू करा बा!" हॉलमधून शकुबाई ओरडल्या. "मले साडेबाराले वरन लावाचं हाय!"

"चाला," इंदिराबाई म्हणाल्या. "तुमचे हिरो त गेले. लग्नाचीच लावू. ते बी तुमचीच सीडी हाय न? कपाटाचं मंग पाहू." आणि त्यांनी स्वतः जाऊन ती चकती प्लेअरमध्ये सारली. प्लेअर डाव्या बाजूने थोपटल्याशिवाय चालत नसे. तेही त्यांना माहीत होतं.

सुरुवातीलाच निळं आकाश आलं. त्या काळच्या शूटिंगवाल्यांना मिक्सिंगची भारी हौस. बर्फाचे डोंगर आले, कुठले ते देव जाणे, वर्धा जिल्ह्यातले नक्कीच नव्हते. आणि डोंगरामागून बाशिंग बांधलेले, पंचवीस वर्षांचे, काडीसारखे अच्युतराव उडत आले. उजवा हात पुढे ताणलेला, उपरणं मागे फडफडतंय. (तो हात खरं म्हणजे मांडवात पाण्याच्या ग्लासाकडे गेला होता. शूटिंगवाल्याने ग्लास कापला आणि हात ठेवला.) डोंगरांना तीन फेऱ्या मारून ते एका गुलाबाच्या फुलात शिरले आणि दुसऱ्या फुलातून बाहेर पडले.



"हा कोण हिरो?" बापूजींनी चष्मा पुसत विचारलं.

"अवो मास्तर, हे त आपले अच्युतराव!" शकुबाई किंचाळल्या. "पाहा, पाहा, उडून राह्यले!"

"काका, केप पण आहे तुम्हाला!" चंदन म्हणाला. काजलने तोंडात ओढणी कोंबली. वल्लरी भिंतीपासून सरकत सरकत टीव्हीच्या पुढ्यात येऊन बसली होती. पडद्यावर धबधब्यातून इंदिराबाई निघाल्या, कोरड्या ठणठणीत.

अच्युतरावांच्या डोळ्यांसमोर मात्र दुसरीच तार होती. "हुरडा!" ते एकदम म्हणाले. "पाहुण्यांना हुरडा पाहिजे. मी आणतो," आणि कुणी अडवण्याआधी स्कूटरला किक बसली.

सेलू मागे पडेपर्यंत त्यांनी चाळीसच्या वर काटा नेला. हा त्यांच्या आयुष्यातला वेगाचा उच्चांक. केळझरच्या गणपतीला त्यांनी लांबूनच हात जोडले आणि निदान विस्तारित आवृत्त्या तरी वाचव अशी विनंती केली.

शेत बांधावरूनच दिसलं. पुरुषभर उंच ज्वारी, टपोरी कणसं, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या तारा. तारांवर दोनशे चौदा चकत्या गरगरत होत्या. ऊन त्यांच्यावर पडून अख्ख्या शेतात उजेडाचे ठिपके पळत होते. दुसऱ्या कुणी हे पाहिलं असतं तर म्हणाला असता, वा! अच्युतरावांनी स्कूटर बांधावर टाकली, स्टँडसुद्धा लावला नाही, आणि दोन्ही हात हवेत फिरवत ज्वारीत घुसले.

"मामा! सोडा! ते 'ड' नोये, 'अ' हाय! चिठ्ठ्या म्याच बदलवल्या जी! माये हिरो हायेत ते! हात नोका लावू!" शुद्ध भाषा सेलूच्या अलीकडेच गळून पडली होती.

थव्याने बसलेले राघू एकदम फडफडत उठले आणि आंब्याच्या झाडापलीकडे दिसेनासे झाले. ज्वारीतून डोमाजींचं पागोटं वर आलं.

"जवाईबुवा? काय साप-गिप दिसला का?"

अच्युतरावांनी धापा टाकत सगळी हकीकत सांगितली. उल्कापुरुष, पैज, 'अ', 'ड', लग्न, सगळं. डोमाजींनी शांतपणे ऐकलं, चंची काढली, तंबाखू मळली.

"म्हंजे या सीड्या चालू हायेत?"

"चालू म्हंजे? जपलेल्या हायेत! बोटाचा डाग नोयता एकीले!"

"नेता त न्या," डोमाजी म्हणाले. "पन पाहा. मांगच्या साली अर्धी ज्वारी राघूनं खाल्ली. साऱ्या घरानं साल काढलं मंग बाजाराच्या पिठावर. दोन दिस झाले या लटकवल्या तवापासून पाखरू जरा भिऊन हाय. कापनीले पंधरा दिस उरले. पंधरा दिस ठेवता का?"

अच्युतरावांनी वर पाहिलं. वज्रकन्या वाऱ्यावर जोरात फिरत होती. गुल्लू कासव कणसाला घासत होतं. आपण या लोकांना इतकी वर्षं काचेआड ठेवलं. कुणाला वाचवायचं काम त्यांना मिळालं नाही. आज पहिल्यांदा त्यांच्या खाली काहीतरी होतं, खाण्याचं, खरंखुरं, आणि ते वाचवायला हे लटकले होते.  

"ठेवा," ते म्हणाले. "पण अशा नाही! ही काय पद्धत झाली? 'उल्कापुरुष' भाग दुसरा तुम्ही रस्त्याकडे लावलाय. तो काही कामाचा नाही, तो मागे न्या. पहिला भाग मधोमध. वज्रकन्या पूर्वेला. कार्टूनं बांधाच्या कडेनं."

"राघूले भाग समजते का जी?"

"आपल्याला समजतो ना!"

आणि दोघांनी मिळून तास-दीड तास तारा पुन्हा बांधल्या, अच्युतरावांच्या शिफारशीच्या क्रमाने. व्हॉट्सॲपवर दोन अंगठ्यांवर आटोपलेली ती टिपणी केळझरच्या अलीकडे शब्दशः अमलात आली. फक्त एक चकती त्यांनी शर्टाच्या आत घालून घेतली. वल्लरीचं कासव. त्यावर चार ओरखडे होते. ओरखडे टूथपेस्टने जातात असं त्यांनी डोमाजींना ठणकावून सांगितलं, डोमाजींनी विचारलं नसतानाही.

हुरड्याची पिशवी घेऊन ते घरी आले तेव्हा दोन वाजत आले होते. हॉल रिकामा असेल, परात खाली आली असेल आणि कपाटाला दोरी बांधलेली असेल, अशी मनाची तयारी करूनच त्यांनी दार ढकललं.

कुणी हललं नव्हतं. पडद्यावर पाठवणी चालली होती आणि पंचवीस वर्षांचे अच्युतराव सासूबाईंपेक्षा जोरात रडत होते. शकुबाईंचं वरण त्यांच्या घरी लागलं नव्हतं ते नव्हतंच. बापूजींच्या डोळ्यांत पाणी. चंदन आणि काजल दारापासून सरकून मध्ये आले होते, हातात हात. वल्लरीच्या मांडीवर चिवड्याचं रिकामं ताट. परात तिथेच, फ्रीजवर, पाचही मोबाईल अंधारे.

'शुभविवाह समाप्त' अशी अक्षरं उलटीपालटी होत आली आणि पडदा निळा झाला.

"दुसरा भाग नाही का?" बापूजींनी विचारलं.

"पाच माणसं," अच्युतराव दारातूनच गरजले. हुरड्याची पिशवी त्यांनी ढालीसारखी धरली होती. "पहिल्यापासून शेवटपर्यंत! मोबाईल परातीत! कपाट हलणार नाही!"

"नाई हलनार," इंदिराबाई म्हणाल्या. त्या दिलेल्या शब्दाला पक्क्या होत्या. शिवाय त्या दिवशी त्या जरा खूशही होत्या.

सोमवारी फ्रीज आला. सैपाकघरात मावला नाही, हॉलमध्ये जागा नव्हती, म्हणून तो बेडरूममध्ये गेला, अच्युतरावांच्या उशाशी. दर वीस मिनिटांनी तो घरघरत सुरू होतो आणि थरथरत बंद होतो. त्या आवाजाने झोप चांगली लागते, असं अच्युतराव लाल डोळ्यांनी कचेरीत सगळ्यांना सांगत होते. कपाट जागच्या जागी राहिलं. त्यात दोनशे तेरा रिकामी कव्हरं, एक ओरखडलेलं कासव आणि वरच्या खणात, एकटीच, लग्नाची सीडी. तिला इंदिराबाईंनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली होती, 'अ'. जाता-येता त्या चिठ्ठीकडे त्यांचं लक्ष जाई आणि त्या दिवशी भाजीत मीठ अगदी बरोबर पडे.

हे सुख बुधवार सकाळपर्यंत टिकलं. चहाच्या वेळी डोमाजीमामांचा फोन आला. इंदिराबाईंचे हात कणकेत होते, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला.

"इंदे, जवाई हाय का जवळ? त्यायले सांगजो, त्यायच्या हिरोचं काई खरं नाई. राघू हुशार झाले. आता त्याच तारीवर बसून, सीडीत तोंड पाहून ज्वारी खातात."

"अगंबाई! मंग?"

"पन एक गंमत सांगतो. रविवारी जवाई जसे आले न, हात फिरवत, बोंबलत, तवापासून दोन दिस एक पाखरू नाई फिरकलं! कालपासून पुन्हा येऊन राह्यले. म्हनून म्हटलं, कापनीपर्यंत दर रविवारी धाडशील का त्यायले? तसंच बोंबलाचं म्हना, जसं तवा बोंबलले. 'हे ड नोये, अ हाय, चिठ्ठ्या म्याच बदलवल्या', ते राघूले लय लागते."

अच्युतरावांनी कप बशीत ठेवला आणि खिडकीबाहेरच्या कढीपत्त्याचा बारकाईने अभ्यास सुरू केला. इंदिराबाईंनी कणकेचे हात धुतले. पदराला पुसले. कपाटापाशी गेल्या. लग्नाच्या सीडीवरची चिठ्ठी होती तिथेच राहू दिली, पण शेजारच्या पेनाने एक नवी चिठ्ठी लिहिली आणि एक टाचणी घेतली. परत आल्या आणि ती चिठ्ठी त्यांनी अच्युतरावांच्या शर्टाच्या खिशावर नीट, सरळ टोचली. 'ड'.

"मामा," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "रविवारी सकायीच धाडीन. वापस नाई केले तरी चालते."

फोन बंद झाला. अच्युतरावांनी छातीवरच्या चिठ्ठीकडे पाहिलं. ती काढावी असं त्यांना वाटलं, पण त्यांनी हात लावला नाही. उलट ते ताठ बसले, मान वर केली आणि अत्यंत शुद्ध भाषेत म्हणाले, "'ड' वर्गातला अभिलेख लगेच नष्ट करता येत नाही. तो एक वर्ष सांभाळावा लागतो. नियम आहे."

"मालूम हाय," इंदिराबाई म्हणाल्या आणि त्यांच्या कपात गाळणीखालचा उरलेला चहा ओतला. "म्हनूनच त चहा देऊन राह्यली."